रात्री कुंपण ओलांडणारं कुत्रं आवारात कसं ठेवायचं?

ओसरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

आमचं घर वस्तीच्या अगदी टोकाला. मागे शेतं, पुढे गाडीरस्ता. दोन वर्षांपूर्वी एक पांढरं पिल्लू आपणहून येऊन राहिलं, त्याचं नाव ढवळ्या. दिवसा हा साधूबाबा. पाय ताणून पडलेला असतो, पोस्टमन आला तरी एक डोळा उघडून बघतो आणि परत मिटतो. अंधार पडला की मात्र कुणी शीळ घातल्यासारखा ताडकन उठतो आणि कुंपणापलीकडे. बाहेर आणखी दोघं वाट बघतच असतात. पहाटे चारच्या सुमारास परत येतो, अंगभर कुसळं, पोटाला चिखल.

गेल्या आठवड्यात आला तेव्हा तोंडाला रक्त होतं. त्याचं नव्हतं. सकाळी कळलं की शेजारच्या एका शेळीच्या मागच्या मांडीला चावा होता. शेजारचे भाऊजी भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी मी सांगायला येणार नाही." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

साखळीने चोवीस तास बांधायचं माझ्या जिवावर येतं. पण मोकळा सोडला तर एक दिवस तो परत यायचा नाही हेही दिसतंय. तुम्ही काय करता? आणि बाहेरच्या त्या दोघांचं काय करायचं? ते कुणाचेच नाहीत.

साळुंकी
ताई, पहिला प्रश्न: नसबंदी झालीये का? नसली तर बाकीचं सगळं त्यानंतर. माजावर आलेल्या कुत्रीचा वास नराला फार लांबून लागतो आणि तो माज साधारण तीन आठवडे चालतो. तेवढ्या काळात नराला कुंपण, हाक, खाऊ, कशाचंच भान नसतं. ऑपरेशननंतर लगेच फरक दिसत नाही, हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. धीर धरा.

भुईनळा
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या... पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्या दोघांपैकी एकाचं नाव पवळ्या ठेवून टाका, म्हण तरी पूर्ण होईल.

ओसरी
@साळुंकी, नाही झालेली. ऐकून होते की नराला गरज नसते. @भुईनळा, हसले खरी! त्यातला एक तांबूसच आहे, शोभेल.

जुनं_खोड
स्पष्ट लिहितो, राग नसावा. खेड्यात कुत्रं बांधून ठेवायची कल्पनाच मला पटत नाही. आमच्या लहानपणी एकही कुत्रं बांधलेलं नव्हतं. आळीभर हिंडायची, रात्री राखण करायची, सकाळी आपापल्या दाराशी हजर. आता माणसं शहरातली पुस्तकं वाचून गावातल्या जनावराला शिस्त लावायला निघालीत. कुत्र्याचा धर्मच हिंडायचा.

दोनचाकी
खोडकाका, तुमच्या आठवणीत राहिली ती जगलेली कुत्री. किती पिल्लं पहिल्या पावसाळ्यात गेली, किती विहिरीत पडली, किती नुसतीच "दिसेनाशी झाली", त्यांची नावं आठवतात का?

शिवाय तेव्हा रस्त्याला बैलगाडी होती. आता रात्री त्याच रस्त्यावर माझ्यासारखे लोक दुचाकीवर असतात. तीन वर्षांपूर्वी वळणावर एक काळं कुत्रं पुढ्यात आलं. ते गेलं आणि माझं खांद्याचं हाड मोडलं. कुत्र्याचा मालक दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला आला, रडत होता. मला त्याच्यावर रागही धरता आला नाही.

निदान चकाकणाऱ्या पट्टीचा पट्टा तरी घाला गळ्यात. दिव्याचा झोत पडला की लांबून दिसतं. काळ्या कुत्र्यांना तर हवाच. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातील एवढाच सैल ठेवा, जास्त सैल असेल तर काटेरी तारेत अडकतो.

तारकुंपण
मी मूळ प्रश्नावर येतो. माझ्याकडे चार आहेत आणि चौघंही पळपुटे होते.

आधी एक रात्र जागून तो नेमका कुठून जातो ते बघा. माणूस अंदाजाने कुंपण वाढवत बसतो आणि कुत्रं भलतीकडूनच जातं. माझ्या थोरल्यासाठी मी मागची भिंत दोन फूट वाढवली, महिनाभर खपलो. तो तिकडून जातच नव्हता. पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर चिखलाचे पंजे दिसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: पिंपावर उडी, पिंपावरून सरपणाच्या रचाईवर, तिथून पलीकडे. पिंप आणि सरपण चार हात सरकवलं, काम झालं.

आता कुंपणाबद्दल. कुत्रं तीन प्रकारे जातं: वरून, खालून आणि फाटकातून. फाटकातून म्हणजे आपल्याच गाफीलपणातून.

खालून उकरणारं असेल तर जाळी सरळ खोल गाडत बसू नका. तळाशी जाळीचा दीड-दोन फुटांचा पट्टा आतल्या बाजूला जमिनीवर आडवा टाका, कुंपणाच्या जाळीला तारेने शिवा, वर दगड-माती घाला. कुत्रं नेहमी कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरतं. तिथेच नखांना जाळी लागली की दोन-चार दिवसांत नाद सोडतं. चार हात मागे येऊन भुयार खणायची अक्कल अजून तरी एकालाही सुचलेली नाही.

वरून जाणारं असेल तर पाच-सहा फूट उंची हवी. तेवढ्यानेही भागत नसेल तर माथ्यावर तार ताणून तिच्यात प्लास्टिकचा पाइप ओवा, सैल, गरगर फिरेल असा. कुत्रं एका उडीत क्वचितच पार होतं. आधी पुढचे पंजे माथ्यावर टेकवतं आणि मग अंग ओढून घेतं. पंजाखालचा पाइप फिरला की पकड सुटते आणि ते आतच खाली उतरतं. फुटलेल्या काचा किंवा काटेरी तार माथ्यावर लावू नका. उडी मारायची ऊर्मी त्याने जात नाही, फक्त पोट फाटतं.

फाटक दुहेरी. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. जागा नसेल तर फाटकाच्या आत चार हातांची जाळीची खोली करा.

काजवा
+१. दुहेरी फाटकाला दंडवत. आमच्याकडे पाहुणे आले की पहिलं वाक्य "या या बसा" नसतं, "फाटक! फाटक!!" असतं.

मी_धांदरट
चिप बसवून घ्या ना ताई, मोबाइलवर दिसेल कुठे आहे ते.

साळुंकी
धांदरट, नावाला जागलात. चिप म्हणजे जीपीएस नव्हे! ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात बॅटरीच नसते. यंत्र जवळ नेलं की फक्त पंधरा आकडी नंबर सांगते. हरवलेलं कुत्रं कुणी दवाखान्यात नेलं तर मालक सापडतो, तोही नोंदणीतला फोन नंबर चालू असेल तर. कुठे आहे ते बघायचं असेल तर जीपीएसचा पट्टा वेगळा मिळतो. त्याला चार्जिंग लागतं आणि रेंजही लागते.

मी_धांदरट
आमच्या इथे मलाच रेंज मिळत नाही, कुत्र्याला कुठून मिळणार.

विजेरी
जमिनीखाली तार पुरून झटका देणाऱ्या पट्ट्याबद्दल कुणी सांगण्याआधी माझा अनुभव. पंधरा दिवस झेंडे लावून रीतसर शिकवलं, तो हद्दीपाशी थांबायलाही लागला. एके संध्याकाळी समोरून ससा गेला. ससा दिसल्यावर झटक्याचं काय, तो पार. अर्ध्या तासाने परत आला आणि हद्दीबाहेर उभा राहून कुंईकुंई करत बसला, कारण आत यायलाही झटका बसणार! शेवटी पट्टा काढून उचलून आणला. शिवाय त्या अदृश्य कुंपणाने बाहेरचं कुत्रं आत यायचं थांबत नाही, आणि आपलं बिचारं पळूही शकत नाही. माझ्या लेखी ते कुंपणच नव्हे.

शेरडंवाला
शेळ्यांच्या बाजूनेही कुणी लिहायला पाहिजे म्हणून लॉगिन केलं.

इथे सगळे "बिचारं ढवळ्या" म्हणतायत. दोन वर्षांपूर्वी माझ्या वाड्यात रात्री तीन कुत्री शिरली. तिन्ही ओळखीची, दिवसा माझ्या पोरांबरोबर खेळणारी. खायला आली नव्हती. शेळ्या घाबरून पळाल्या, त्या पळाल्या म्हणून ही मागे लागली, आणि एकदा लागली की थांबतच नाहीत. एकटं कुत्रं सहसा असं करत नाही. दोन-तीन जमली की कुणाचंच कुणाला आवरत नाही.

वरून बघितलं तर केसांत फक्त दोन भोकं दिसत होती. आत कातडी मांसापासून सुटली होती. चौथ्या दिवशी वास आला, जखमेत किडे पडले. एक गेली. दुसरीने गाभ टाकला. तिसरीला खरचटलंही नव्हतं, पण नंतर कितीतरी दिवस नुसत्या सावलीला बिचकायची.

ओसरीताई, तुमचे भाऊजी फार सभ्य माणूस आहेत. शेळीची मांडी केस कापून नीट बघितली का, एवढं त्यांना आजच विचारा. आणि औषधपाण्याचा खर्च तुम्ही द्या, त्यांनी मागायची वाट बघू नका.

ओसरी
@शेरडंवाला, हे वाचून खाली मान गेली. मी भाऊजींशी बोलले, माफीही मागितली, पण शेळी बघायला गेले नव्हते. आत्ता निघालेय.

पशुवैद्य_मी
धागा उशिरा बघितला. ढवळ्याला रेबीजची लस झालीये का? ओसरीताईंनी याचा उल्लेख केला नाही आणि इतक्या प्रतिसादांत कुणी विचारलंही नाही!

रेबीज शेळी, गाय, माणूस, सगळ्यांना होतो. लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात आणि एकदा दिसली की जवळपास काहीच हातात उरत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं याने जातात असा अंदाज आहे. त्यातल्या ९९ टक्के प्रकरणांत विषाणू कुत्र्याकडून आलेला असतो, आणि मरणाऱ्यांत खेड्यातली मुलं फार.

त्यामुळे, एक, ढवळ्याला चावा घेतल्यापासून दहा दिवस नजरेखाली ठेवा. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. दोन, शेळी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. चावलेल्या जनावरालाही लस देता येते, ते ठरवतील. तीन, उद्या माणसाला चावा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दहा दिवसांची वाट बघत लस लांबवायची नाही. हळद, चुना, मिरची काहीही लावायचं नाही.

आणि नराला नसबंदीची "गरज नसते" हे तुम्हाला कुणी सांगितलं? मादीची गर्भावस्था साधारण ६३ दिवसांची. ढवळ्याच्या रात्रीच्या फेऱ्यांतून आतापर्यंत किती पिल्लं झाली असतील याचा हिशेब तुमच्या दारात येत नाही, एवढंच. मात्र साळुंकीताईंच्या प्रतिसादात एक भर: नसबंदीने मादीमागे भटकणं कमी होतं, शेळीमागे धावणं नाही. पाठलागाची ओढ हार्मोनची नसते. कुंपण लागणारच.

टेकडीपार
इतकं सगळं करण्यापेक्षा मोकाट आहेत ती पकडून वीस-पंचवीस किलोमीटरवर सोडून यावीत. आमच्या शेजारच्या वस्तीने तेच केलं. प्रश्न मिटला.

काजवा
प्रश्न मिटला की दुसऱ्या वस्तीच्या दारात गेला? तिथलेही गाडी घेऊन तुमच्याकडे येतील, मग बसा दोघं देवाणघेवाण करत.

टेकडीपार
बोलायला सोपं आहे. आपल्या पोराला चावलं की मग कळतं.

पशुवैद्य_मी
टेकडीपार, तुमची काळजी खरी आहे, उपाय उलटा आहे. कुत्री तिथे राहतात कारण तिथे खायला मिळतं. उकिरडा उघडा असेपर्यंत रिकाम्या जागेत नवी येतात, आणि नव्यांना लस झालेली नसते. आहेत त्याच कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना दरवर्षी लस टोचत राहिलं तर विषाणूची साखळी तुटते. मेक्सिकोने १९९०च्या दशकापासून कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण नेटाने चालवलं. कुत्र्यांमुळे माणसांना होणारा रेबीज संपवल्याची पावती जागतिक आरोग्य संघटनेने ज्या देशाला सगळ्यांत आधी दिली तो हाच, २०१९मध्ये. लस टोचलेलं, नसबंदी झालेलं ओळखीचं कुत्रं वस्तीत असणं हे नव्या अनोळखी कुत्र्यापेक्षा कधीही बरं.

आणि विष घालायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. ते कुणाच्या पोटात जाईल ते तुमच्या हातात नसतं. उंदरांचं एक औषध असं असतं की रक्त गोठायचं थांबतं, पण लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. तोवर मालकाला वाटतं कुत्रं नुसतं मलूल आहे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थांबू नका. वेळेत आणलं तर के जीवनसत्त्वाने वाचतं.

भुईनळा
अवांतर: रस्त्यावरच्या कुत्र्याला कमी लेखू नका. १९५७च्या नोव्हेंबरात अंतराळात गेलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरूनच उचललेली होती. थंडी आणि उपासमार काढलेलं जनावर जास्त टिकाव धरेल म्हणून.

साळुंकी
आणि ती परत येणार नाही हे पाठवणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. नको ते उदाहरण.

भुईनळा
खरंय. मागे घेतो.

पाणवठा
बांधण्याबद्दल एक सांगायचंय, लिहू की नको असं चाललं होतं.

आम्ही आमच्या वाघ्याला रात्री बांधायचो, कुंपणापासून पाच-सहा फुटांवर. साखळी लांब ठेवलेली, त्याला फिरता यावं म्हणून, म्हणजे दयाबुद्धीनेच. एका रात्री बाहेर काहीतरी दिसलं म्हणून त्याने कुंपणावरून उडी मारली. साखळी पलीकडच्या जमिनीपर्यंत पुरली नाही. सकाळी आईने बघितलं.

बांधायचंच असेल तर त्याच्या उडीच्या टप्प्यात भिंत, कुंपण, खिडकी, झाड, काही नको. दोन खांबांत डोक्यावर तार ताणून तिच्यावर कडी सरकत ठेवली तर त्याला इकडून तिकडे पळता येतं, पण खांबाच्या कितीतरी आधी तारेला गाठ मारा, म्हणजे तो खांबाला वेढे घालणार नाही. दोरीच्या टोकाला स्वतःभोवती फिरणारी कडी हवी, नाहीतर पीळ पडून दोरी आखडते. आणि हे घरात माणूस जागं असेपर्यंतच.

दोनचाकी
पाणवठा, लिहिलंत ते बरं केलंत.

जुनं_खोड
वाचलं. वाईट वाटलं.

माझं मत मोकळं सोडण्याबद्दल होतं, ते अजूनही बरंचसं तेच आहे. दिवसभर साखळीला असलेलं कुत्रं चिडकं होतं, येणाऱ्याजाणाऱ्यावर धावतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण आवारात मोकळं आणि आवाराबाहेर नाही, याला माझी हरकत असायचं कारण नाही. हे आधी कुणी नीट सांगितलं नाही.

काजवा
काका, तारकुंपण यांनी हातभर प्रतिसाद लिहिलाय वर! :-)

माळरान
कुंपणाइतकंच संध्याकाळचं वेळापत्रकही बघा. आमची राणी अशीच निघून जायची. मग दिवस मावळायच्या आधी दोरी लावून तासभर चालवायला लागलो, घाईने नाही, तिला जिथे हुंगायचं तिथे हुंगू द्यायचं. परत आलं की फाटक बंद, त्यानंतरच जेवण, आणि जेवण आतच. पोट भरलेलं, पाय दमलेले, नाक तृप्त. निम्म्या रात्री ती आपणहून झोपू लागली.

आणखी एक. पहाटे परत आल्यावर ओरडू किंवा मारू नका. त्याच्या लेखी शिक्षा जाण्याची नसते, परत येण्याची असते. दोनदा मार खाल्ला की तिसऱ्यांदा ते उशिरा येतं.

ओसरी
महिन्याने परत आलेय, सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

शेळी वाचली. केस कापून बघितल्यावर शेरडंवाला म्हणाले तेच निघालं, आत पोकळी झाली होती. डॉक्टरांनी धुऊन औषध भरलं, तिलाही लस दिली. खर्च मी दिला. भाऊजी आधी नको म्हणाले, मग घेतला.

ढवळ्याचे दहा दिवस सुखरूप गेले, त्यानंतर लस झाली, नसबंदीही झाली. लस आधी झालेली नव्हती, पशुवैद्यदादा, कबूल करते.

रात्र जागून बघितलं. तो कुंपणावरून जातच नव्हता! फाटकाची खालची फट. मला ती वीतभर वाटायची, पण तो आडवा पडतो, आधी डोकं घालतो, मग एक खांदा, मग पोट आत ओढून उरलेला ढवळ्या दोरीसारखा ओढून घेतो. मी बघत उभी आणि त्याने अर्ध्यात थांबून माझ्याकडे बघितलं. फट बुजवली. तीन दिवसांनी त्याने कुंपण शोधलं, म्हणून पाइप लावला. तेव्हापासून आत आहे. पहिला आठवडा रडला, आम्हीही झोपलो नाही.

बाहेरच्या दोघांची नसबंदी आणि लस वस्तीतल्या चार घरांनी मिळून करून घेतली. तांबूस तो आता पवळ्याच. पण ते दोघं अजूनही रात्री फाटकाशी येऊन बसतात, आणि हा आतून. आवाज नाही, भुंकणं नाही, नुसते बसतात. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

शेरडंवाला
खर्च दिलात, चांगलं केलंत. रात्री ते दोघं फाटकाशी बसतात म्हणजे निदान माझ्यासारख्यांच्या वाड्याशी नसतात.

भुईनळा
फोटो टाका ना फाटकातला.

जुनं_खोड
तारकुंपण, तो फिरता पाइप किती इंची घेतला होता? आमच्या धाकट्याकडच्या कुत्रीसाठी विचारतोय.

तारकुंपण
चार इंची घ्या काका, बारीक असला तर पंजात मावतो. आत तार अशी ताणा की मधे झोळ पडणार नाही. आणि फाटकाच्या माथ्यावरही लावा, तिथे सगळे विसरतात.